टोपड्यांचं झाड

सन १९५७, होळीचा आदला दिवस, सकाळची वेळ. ठिकाण, मानवतला माझ्या घराचं मागचं अंगण. रक्कम रुपये पाच. हजर माणसं : पीकसंरक्षण इन्स्पेक्टर अंबादासराव पेडगावकर, परभणीहून आलेले त्यांचे नवे साहेब, तक्रारदार दत्तोबा, मी, आणि दाराआड माझी बायको. तिलाही हजर धरलं पाहिजे, कारण त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तीच बोलली.

दंड ठोठावणारे होते अंबादासराव. दंड भरणारेही अंबादासराव. त्यांनी स्वतःच्या नावाची नोटीस स्वतःच्या हातानं लिहिली, सही केली, कागद उजव्या हातातून डाव्या हातात दिला आणि मिळाल्याबद्दल खाली पुन्हा सही केली. मग चष्मा सारखा करून मोठ्यानं विचारलं, "काही सांगायचं हाय का?" आणि लगेच उत्तर दिलं, "न्हाई साहेब. कबूल हाय."

मी बरीच वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. देणारा आणि घेणारा एकच, आणि तरी व्यवहार चोख, असा प्रकार माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

अंबादासराव माझे भाडेकरू. पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी ते बदली होऊन मानवतला आले आणि माझ्या मागच्या दोन खोल्यांत बायकोसह उतरले. अंगानं काडी, रंगानं सावळे, खाकी हाफ पँट, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यानं बांधलेलं भिंग. हे भिंग ते आंघोळीलाही काढत नसत. पाठीवर पितळी फवारा घेऊन सायकलीवर निघाले की लांबून एखादा मोठा नाकतोडाच चाललाय असं वाटे. अंगाला पावडरीचा वास कायमचा. ते राहायला आल्यापासून आमच्या घरातले ढेकूण गेले. डास गेले. माझे एक मेहुणे दर उन्हाळ्यात महिनाभर मुक्कामाला येत, त्यांनीही येणं कमी केलं. भाडं वाढवण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही, त्याचं हे एक कारण.

खेड्यापाड्यांत त्यांना 'अळीसाहेब' म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट एकदा ते मला म्हणाले, "मुनीमसाब, तहसीलदाराला लोक तहसीलदार म्हणतेत, त्याच्या खुर्चीमुळं. मला अळीसाहेब म्हणतेत ते माझ्या कामामुळं. कोण मोठा?"

मी हिशेबनीस, मुनीम नव्हे. पण निजामाच्या काळातल्या नोकरीची त्यांची जीभ. जिनिंगमध्ये बसणारा तो मुनीम, आणि मुनीम म्हटला की पुढं साब. त्यांच्या बोलण्यात मुआयना, तामील, कैफियत असे शब्द ज्वारीत तूर पेरावी तसे मधून मधून उगवत. कचेरीचा कारभार मराठीत आला तेव्हा त्यांनी अर्ज मराठीत लिहायला घेतले, पण शेवटी 'फक्त' लिहायच्या जागी हात 'फकत' लिहून जाई.

किडीला ते कीड म्हणत नसत. 'पाहुणे' म्हणत. शेताच्या बांधावर सायकल टेकवली की पहिला सवाल, "काय पाटील, पाहुणे आलेत का?" पाटील म्हणे, "आलेत, पण थोडे." त्यावर यांचं ठरलेलं वाक्य : "बिनबोलावता आलेला पाहुणा थोडा नसतो. त्यो मागच्यांना जागा धरायला आलेला असतो."

पाहुणे शोधण्याची ही खोड शेतापुरती राहिली असती तर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण त्यांच्या लेखी जिथं झाडपाला किंवा दाणा, तिथं मुआयना, म्हणजे तपासणी. जेवायला बसले की वांग्याच्या फोडी आधी उलगडून बघणार. सत्कारात हार घातला तर तो गळ्यातून काढून, उन्हाकडं धरून, झेंडूच्या पाकळ्या भिंगाखाली घेणार. एकदा माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला मी त्यांना पाथरीकडं घेऊन गेलो. चार माणसांत बोलणारा माणूस बरोबर असावा म्हणून. मुलाची, शेतीवाडीची चौकशी चालली होती तेवढ्यात हे उठले आणि सरळ ओसरीवरच्या कणगीशी गेले. मूठभर ज्वारी काढली, तळहातावर पसरली, फुंकली. मग परत येऊन बैठकीत जाहीर केलं, "मुलगा चांगला हाय. पोरगी द्यायला हरकत न्हाई. पण कणगीत सोंडे लय झालेत. आधी ज्वारी उन्हात घाला, मग साखरपुडा."

ते लग्न जमलं. मुलाचा बाप नंतर मला म्हणाला, "तुमचे ते गृहस्थ आले नसते तर आमची दोन पोती गेली असती." पण त्या क्षणी मी जमिनीकडं बघत बसलो होतो हे खरं.

तिन्हीसांजा झाल्या की मागच्या अंगणात त्यांचा दुसरा खटाटोप. एक मोठी पितळी परात, तिच्यात पाणी, पाण्यावर थोडं रॉकेल, आणि मधोमध विटेवर कंदील. उजेडाला भुलून पाखरं यायची आणि पाण्यात पडायची. कोणत्या जातीचं पाखरू कधी दिसू लागलं, यावरून कोणत्या पिकावर कधी संकट येणार ते हे सांगत. परात सुभद्राबाईंच्या माहेरची, लग्नातली. सुभद्राबाई म्हणजे त्यांची बायको. त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "बघा वैनी, बापानं पुरणाच्या पोळ्यांसाठी दिली, आन ह्यांनी तिच्यात पाखरं बुडवली." पण रोज संध्याकाळी परात घासून, पाणी भरून त्याच ठेवत.

सुभद्राबाई ठेंगण्या, हसऱ्या, आणि नवऱ्याइतक्याच सरकारी. त्या काळी ज्वारीला काणी फार पडे. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी. उपाय सोपा होता : पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळायचं. खात्याकडं गंधकाच्या पुड्या आलेल्या होत्या, पण शेतकरी घेत नव्हते. अंबादासराव गावोगाव सांगून थकले. तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमी बाप्यांना सांगायलाव. बी ठेवती बाई." आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून गंधकाच्या पुड्या लुटल्या. गल्लीतल्या, पेठेतल्या, बाजाराला आलेल्या खेड्यातल्या, दिसेल त्या बाईला हळदीकुंकू, तिळगूळ आणि एक पिवळी पुडी. ती दिसायची हळदीसारखीच, म्हणून प्रत्येकीला शपथ घालून सांगायच्या, "भाजीत टाकू नका गं बाई. पेरायच्या दिवशी बियाला चोळा." वाण म्हणून आलेली वस्तू टाकून कोण देणार? त्या वर्षी मानवतच्या आसपास खात्याचं गंधक संपलं. वरून शाबासकीचं पत्र आलं ते अंबादासरावांच्या नावानं. त्यांनी ते बायकोच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमचं हाय." तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते देवामागं ठेवलं.

दोनच माणसांचा तो संसार. मूलबाळ नव्हतं. सुभद्राबाई एका पावसाळ्यात तापानं गेल्या. अंबादासराव तेराव्यानंतर सायकल काढून कामावर निघाले, आणि त्या संध्याकाळी परातीत पाणी त्यांनी स्वतः भरलं. त्यांच्याविषयी दुःखाची म्हणून सांगता येईल अशी एवढीच गोष्ट मला दिसली. मला वाटलं, माणूस कोरडा आहे. पाहुण्यांशिवाय ह्याला दुसरं कुणी दिसत नाही.

आता पऱ्हाटीचं सांगतो, कारण पाच रुपयांचं मूळ तिथं आहे.

कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाटी. आमच्याकडं पऱ्हाटीशिवाय चूल नाही. उपटून आणायची, दारात नाहीतर गोठ्यावर गंज रचायची, आणि पावसाळाभर जाळायची. पण काड्यांवर किडकी बोंडं चिकटून राहतात, आणि त्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दोन सरक्या एकत्र शिवून, आत दुलई पांघरल्यासारखी झोपून राहते. पाऊस पडला, नवा कापूस उगवला, की ही उठते. म्हणून खात्याचा हुकूम : पाडव्याच्या आत सगळी पऱ्हाटी उपटावी, किडकी बोंडं जाळावीत, रान आणि दार दोन्ही साफ करावं. न करील त्याला दंड.

दवंडी झाली. चावडीवर कागद लागला. अंबादासराव दारोदार फिरले. "उनाळ्यात पाहुण्याला जेवण मिळालं न्हाई तर त्यो मरतो. एक दार उघडं राहिलं तर गावाची उपासमार फुकट." लोक ऐकत, माना डोलावत, चहा पाजत, आणि गंज होती तिथंच राही. काड्या जाळल्या तर भाकरी कशावर भाजायची?

शेवटी त्यांनी तोड काढली ती आमच्याच रीतीतली. होळीला पोरांनी लाकूडफाटा पळवायचा ही जुनी चाल. ज्याचं गेलं त्यानं शिव्या द्यायच्या, पण परत मागायचं नाही. १९५५ साली अंबादासराव होळीच्या पोरांत सामील झाले. पुढं खाकी चड्डीतला सरकारी इन्स्पेक्टर हातात कंदील घेऊन, मागं हलगी, त्यामागं पंचवीस-तीस पोरं. गंजीपाशी थांबायचं, काडी ओढायची, बोंड फोडून भिंगाखाली बघायचं. पाहुणा सापडला की हात वर. "उचला!" बोंबा मारत पोरं गंज उचलत. ज्या गंजीत पाहुणा सापडत नसे तिला हात लावू देत नसत. एवढी न्यायानं केलेली चोरी मानवतनं आधी पाहिली नव्हती.

त्या वर्षीची होळी इतकी उंच झाली की पेठेतल्या व्यापाऱ्यांनी कापसाच्या गाठी ओल्या गोणपाटांनी झाकून रात्र जागवली. बोंडअळी पुढच्या हंगामात कमी झाली असं जिनिंगमधले लोकही म्हणाले; सरकी बरी येऊ लागली. पण ज्यांच्या गंजी गेल्या त्यांत एक दत्तोबा होता. आमच्याच गल्लीच्या टोकाला घर, थोडी कोरडवाहू, दारात बैलजोडी. त्याची गंज गल्लीत सगळ्यात मोठी होती आणि सगळ्यात किडकी. पावसाळाभर त्याच्या बायकोनं ओल्या शेणकुटांवर स्वयंपाक केला. धुरानं डोळे चोळत ती रोज ज्या शिव्या देई त्या अर्ध्या अळीसाहेबाला असत आणि अर्ध्या, पोरांना अडवलं नाही म्हणून, दत्तोबाला. पहिल्या अर्ध्या गल्लीत विरून जात. दुसऱ्या दत्तोबाला जेवताना ऐकाव्या लागत.

आणि एक दिवस दत्तोबाला आमच्या मागच्या अंगणातलं झाड दिसलं.

ते झाड देवकापसाचं. शेतातली कपाशी वर्षाची असते. हा देवकापूस वर्षानुवर्षं उभा राहतो, बारा महिने बोंडं धरतो, आणि त्याचा कापूस बायका देवाच्या वातींसाठी ठेवतात. सुभद्राबाईंनी ते आल्या त्या वर्षीच लावलं होतं. आता ते माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेलं. पण बघणाऱ्याला नवल वाटे ते उंचीचं नव्हे. त्या झाडाच्या प्रत्येक बोंडाला टोपडं होतं. झिरझिरीत कापडाचं, दोऱ्यानं खाली आवळलेलं, तान्ह्या मुलाला घालतात तसं. बोंड मोठं झालं की टोपडं मोठं. अंबादासराव स्वतः शिवत. माझी मुलं त्याला 'टोपड्यांचं झाड' म्हणत, आणि शाळेतल्या मित्रांना दाखवायला आणत.

मी एकदा विचारलं होतं, "हे काय, प्रयोग का?"

"बंदोबस्त," ते म्हणाले, आणि आत गेले.

मी समजलो, सरकारी प्रयोग. रविवारी दुपारी खोलीचं दार लोटून बसत, तेव्हाही मी समजे, प्रयोगाचा अहवाल लिहीत असणार. मुलांना सांगून ठेवलं होतं, आवाज करू नका.

होळीच्या आदल्या दिवशी दत्तोबा नव्या साहेबांना घेऊनच आला. साहेब पुण्याकडचे, वयानं तिशीच्या आत, नवं राज्य झाल्यावर इकडं आलेले. मानवतला मुआयन्याला आले होते. दत्तोबानं त्यांना चावडीवर गाठलं.

"बघा साहेब," दत्तोबा अंगणात शिरताच म्हणाला. "माझी वाळकी पऱ्हाटी नेली, आन ह्यांच्या दारात हिरवंगार उभं हाय! बारा महिने! माझ्या गंजीत पाहुणे व्हते म्हणं. हितं तर पाहुण्यांची मावशी ऱ्हातीया!"

साहेब झाडाभोवती फिरले. एक टोपडं बोटानं चाचपलं. "पेडगावकर, हा काय प्रकार आहे?"

अंबादासरावांच्या आधी मीच पुढं झालो. "साहेब, प्रयोग आहे. सरकारी. गेली काही वर्षं चालू आहे."

साहेबांचा चेहरा सैल झाला. माणूस सज्जन होता. "असं होय. मग नोंद पाहिजे होती. हरकत नाही, आता प्रयोगाखाली दाखवा, मी सही करतो. दत्तोबा, प्रयोगाच्या झाडाला हुकूम लागू नाही."

म्हणजे काम झालं होतं. अंबादासरावांनी नुसती मान हलवायची होती.

त्यांनी भिंग दोन बोटांत धरून फिरवलं. मग म्हणाले, "न्हाई साहेब. प्रयोग न्हाई. घरचं झाड हाय. हुकूम लागू हाय."

"अहो, पण..."

"मागच्या पाडव्याआधी काढायचं ते मी काढलं न्हाई. त्याच्या आदल्या वर्षीबी न्हाई. टोपडी घातली, पण हुकमात टोपडी लिवलेली न्हाईत." असं म्हणून ते आत गेले, नोटिशीचा कागद घेऊन आले, आणि मग सुरुवातीला सांगितला तो उजव्या-डाव्या हाताचा व्यवहार झाला. पाच रुपयांची नोट त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवली. पावती मागून घेतली.

साहेब पावती फाडून देताना म्हणाले, "दंड भरलात ते ठीक. पण दुसऱ्यांच्या गंजी जाळणारा माणूस स्वतःच्या दारात हे झाड का ठेवतो, एवढं तरी सांगा."

अंबादासराव झाडाकडं बघत उभे राहिले. तेव्हा दाराआडून माझी बायको बोलली.

"वातींसाठी," ती म्हणाली. आणि मग परक्या माणसांसमोर न बोलणारी ती बाई चौकटीत येऊन उभी राहिली. "भावजी सांगायचे नाहीत, मी सांगते. नाकतोड्यांच्या मोहिमेत पावडर पोटात जाऊन भावजी महिनाभर अंथरुणाला होते. डॉक्टरनं आशा सोडली होती. तेव्हा सुभद्रानं गंगाखेडच्या महादेवाला लाख वाती बोलल्या. दारच्या झाडाच्या कापसाच्या. ते उठले. ती वाती वळता वळता गेली. राहिलेल्या भावजी वळतात. रविवारी दुपारी."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि ती टोपडी तिच्या लुगड्याची आहेत. किनार नाही का ओळखू येत?"

मी नीट पाहिलं. हिरव्या लुगड्याची विटकी किनार, प्रत्येक टोपड्याला थोडी थोडी. इतकी वर्षं मी रोज त्या झाडाजवळ दात घासत होतो.

पहिला दत्तोबाच बोलला. "च्यामायला," तो म्हणाला, मग साहेबांसमोर जीभ चावली. "साहेब, माझी तक्रार माघारी. ऱ्हाऊ द्या झाड. नवसाचं हाय."

"आता का?" अंबादासराव एकदम त्याच्यावर उखडले. "तुमची गंज नवसाची नव्हती, भाकरीची व्हती. ती नेली मी. आता माझं झाड ऱ्हायलं तर उद्या कोण देईल पऱ्हाटी? तुमी दिताव?"

दत्तोबानं नकारार्थी मान हलवली.

"मग तक्रार माघारी घेऊ नका. चांगली तक्रार हाय. कुदळ हाय का घरी?"

कुदळ दत्तोबानंच आणली. अंबादासरावांनी आधी सगळी बोंडं उतरवली, उमललेली, मिटलेली, झाडून सगळी, आणि एकेक टोपडं सोडून बोंड भिंगाखाली धरलं. एकही किडकं नव्हतं. टोपड्यांनी काम केलं होतं. साहेबही खाली बसून बघू लागले. मग भिंतीकडच्या बाजूला, उंचावरच्या फांदीआड, एक बारकं बोंड निघालं. त्याला टोपडं नव्हतं. तिथवर त्यांचा हात पोचला नसावा. त्यांनी ते फोडलं. आत शेंदरी अळी, गोल निजलेली.

"पाहुणा!" अंबादासराव ओरडले. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मुलगा परीक्षेत पास झाला. दत्तोबाच्या नाकासमोर बोंड नाचवत म्हणाले, "बघा! बघा दत्तोबा! एक दार उघडं राहिलं! मी म्हणलो नव्हतो?" स्वतःच्या विरुद्ध पुरावा सापडल्यावर इतका आनंदलेला आरोपी साहेबांनीही पाहिला नसेल. ते रुमालानं तोंड पुसत राहिले.

मग झाड उपटलं. मूळ खोल होतं. शेवटचा हिसका अंबादासरावांनी कुणाला मारू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खांद्यावर घालून होळीवर गेले. पोरांनी बोंब मारण्यासाठी तोंडाकडं हात नेले, आणि त्यांच्याकडं बघून खाली घेतले. तेव्हा ते म्हणाले, "अरे, मारा की! चोरीचंच हाय असं समजा." मग पोरांनी मारली.

प्रश्न उरला कापसाचा. झाड गेलं, आता नवा कापूस येणार नाही. जो उतरवला त्याच्यात लाख भरतात का, ते बघायला मी बसलो. वळून झालेल्या वातींच्या जुड्या त्यांनी ट्रंकेत नीट ठेवल्या होत्या. थोडा कापूस तोलून, एका जुडीला किती लागतो ते काढून, मी सांगितलं की भरत नाहीत. बऱ्याच कमी पडतात. अंबादासरावांनी मान डोलावली. माझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास होता, याचा त्या दिवशी मला काही आनंद झाला नाही.

दुपारी दत्तोबाची बायको आली. दोन वर्षं शिव्या देणारी हीच. पदर खोचून माझ्या बायकोशेजारी बसली, ट्रंकेतली एक जुडी सोडून एक वात बोटांत धरली आणि अळीसाहेबांकडं बघून म्हणाली, "ही वात हाय का कासरा?"

"का? काय झालं?" ते ओशाळून म्हणाले.

"बाप्याच्या हाताची वात! येवढ्या कापसात चार व्हतील. देव वाती मोजतो, जाडी मोजत न्हाई. आणा हिकडं दूध, बोटं ओली करायला. आन तुमी सरका तिकडं. आदी माझी पऱ्हाटी नासली, आता कापूस नासायलाव!"

मी तिचं म्हणणं तपासून पाहिलं. बरोबर होतं. मी जाडी धरून हिशेब केला होता. ती बदलता येते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. गल्लीतल्या बायका जमल्या. गंधकाचं वाण घेतलेल्या कितीतरी त्यांत होत्या. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या ओसरीवर बसून त्यांनी केसासारख्या बारीक वाती वळल्या, आणि अंबादासरावांना फक्त सरक्या काढायचं काम दिलं. तेही ते प्रत्येक सरकी भिंगातून बघत करत. म्हणून त्यांच्याकडून ते काम काढून घेऊन त्यांना पाणी आणायला लावलं.

पाडवा झाल्यावर आम्ही आगगाडीनं गंगाखेडला गेलो. अंबादासराव, मी, माझी बायको, दत्तोबा आणि त्याची बायको. पाच तिकिटं, ज्याचं त्यानं काढलं, फक्त दत्तोबाच्या दोघांचं अंबादासरावांनी काढलं, आणि 'पऱ्हाटीबद्दल' असं म्हणाले. दत्तोबानं कुरकुर केली नाही.

गोदावरीच्या काठावर, महादेवापुढं, तिन्हीसांजेला त्यांनी पोत्यातून परात काढली. तीच, सुभद्राबाईंच्या लग्नातली, पाखरांची. चिंचेनं घासून लख्ख केलेली. तिच्यात तूप ओतलं, वातींच्या जुड्या गोल रचल्या, आणि पेटवल्या. उजेड पार पाण्यापर्यंत गेला.

आणि अर्थातच पाखरं आली. नदीकाठची, शेतातली, बारकी, मोठी. ज्योतीभोवती फिरू लागली, परातीच्या काठावर बसू लागली. आम्ही सगळे अंबादासरावांकडं बघू लागलो. इतक्या वर्षांत उजेडावर आलेलं पाखरू त्यांनी न ओळखता सोडलं नव्हतं. त्यांचा हात गळ्याशी गेला. पण भिंग तिथं नव्हतं. ते त्यांनी आधीच काढून खिशात ठेवलं होतं.

माझी बायको हळूच म्हणाली, "भावजी, पाखरं आलीत."

"येऊ द्या वैनी," ते ज्योतीकडं बघत म्हणाले. "हे बोलावलेले हायेत."

वाती विझेपर्यंत ते तिथून उठले नाहीत. नंतर गुरवाला दक्षिणा दिली आणि सवयीनं पावती मागितली. गुरव म्हणाला, "महादेवाची पावती कसली, साहेब?" अंबादासराव पुढं केलेला हात मागं घेत म्हणाले, "तेबी खरं हाय."

एकूण दिलं ते असं : बोंडअळीच्या हुकमाबद्दल पाच रुपये, सरकारी खजिन्यात. लाख वाती, महादेवाला. सव्वा रुपया, गुरवाला. पावती आहे ती फक्त पहिल्या रकमेची.